नोव्हेंबरातला नाताळ

माझा मामा जेबेझ होलगेट आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही भर कोर्टात, बायबलवर हात ठेवून. एरवी तो इतकं खरं बोलायचा की माणसं त्याला टाळायची. माझ्या आईच्या नव्या टोपीवर त्याने जे मत दिलं, त्यापायी बहीणभावांत दोन वर्षं अबोला होता.

इंग्लंडातल्या आमच्या थॅक्सबी गावात राहणाऱ्याला अ‍ॅव्हरिल घराणं कोण हे सांगावं लागत नाही. चर्चमध्ये मान वर केली की चारी भिंतींवर त्यांच्याच नावाच्या पाट्या. एक पणजोबा हिंदुस्थानात काउन्सिलावर होते, एक काका आफ्रिकेच्या टोकाला गव्हर्नर, आणि एक चुलत आजोबा कुठल्याशा बेटावर राज्य करता करता तापाने गेले. त्यांचा संगमरवरी पुतळा इतकी जागा अडवून बसलाय की बाप्तिस्म्याच्या दिवशी बायकांना मूल कडेवर घेऊन अंग चोरत जावं लागतं. थोरला मुलगा लॉर्ड व्हायचा, धाकटा आमच्या भागातून पार्लमेंटात जायचा आणि तिथून पुढे समुद्रापलीकडे कोणावर तरी राज्य करायला. हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कोणी बोलतसुद्धा नसे.

मामा त्यांच्या रानाचा मुख्य राखणदार. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. रानातल्या त्याच्या दगडी घरात तो, दोन कुत्री आणि भिंतीवरच्या बंदुका. अ‍ॅव्हरिलांचा धाकटा लायनेल लहानपणी हॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या वाड्यात, कमी आणि मामाच्या स्वयंपाकघरात जास्त असे. पहिली बंदूक मामाने हातात दिली, पहिला मासा मामाने गळाला लावून दिला. नऊ वर्षांचा असताना झाडावरून पडून त्याचा घोटा मोडला, तेव्हा मामाने त्याला तीन मैल पाठीवरून आणलं आणि वाटभर गाणी म्हटली. मामाला गाता येत नव्हतं हे सांगायला हवं. लायनेल त्याला 'जेब' म्हणायचा. माझी आईदेखील त्याला कधी जेब म्हणाली नाही.

दरवर्षी सेंट थॉमसच्या दिवशी, म्हणजे नाताळच्या चार दिवस आधी, हॉलकडून गावातल्या प्रत्येक घरी सशांची एक जोडी जायची. वाटायचं काम मामाचं. दार वाजवायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं, "हॉलकडून नाताळच्या शुभेच्छा." एवढंच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. त्याच्या आधीचा राखणदारही हेच म्हणायचा.

मग ते वर्ष आलं. खेड्यातल्या मजुरांना त्या वर्षी पहिल्यांदा मत मिळालं. मामालाही मिळालं. निवडणूक डिसेंबरच्या दोन तारखेला, आणि लायनेलसाहेब टोरी पक्षाकडून पहिल्यांदाच उभे. या वेळी मात्र ठरलेलं काहीच नव्हतं, कारण चर्च सोडून चॅपलला जाणारे, चांभार, शेतावरचे गडी सगळे विरोधी लिबरलांच्या सभांना जात होते. नोव्हेंबरच्या अखेरीस मामाला हॉलवर बोलावणं आलं. लेडी अ‍ॅव्हरिल खुर्चीत, त्यांचा मुलगा लायनेलसाहेब खिडकीशी.

"होलगेट, यंदा ससे सोमवारी वाटून टाक," बाईसाहेब म्हणाल्या.

"सोमवारी? सेंट थॉमसला अजून तीन आठवडे आहेत, बाईसाहेब."

लायनेलसाहेब हसले. "ससे काय कॅलेंडर बघतात, जेब? एकही घर सोडू नकोस."

मामाने एकही घर सोडलं नाही. दुसरा कोणी असता तर निदान चार शब्द बदलून बोलला असता. पण जेबेझ होलगेट! तीस नोव्हेंबरला, धुक्यात, घरोघर टोपी काढून गंभीर चेहऱ्याने "हॉलकडून नाताळच्या शुभेच्छा" देत फिरला. चांभार सायलस मन्बी पक्का लिबरल, पण त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, म्हणून मामाने त्याच्यासाठी लठ्ठ जोडी काढून ठेवली होती.

"जेबेझ, आज नोव्हेंबर आहे," सायलस दारात म्हणाला.

"असू दे."

"येशू यंदा लवकर जन्मला वाटतं. मत द्यायचंय का त्याला?"

"ससे घेतोस की नेऊ परत?"

सायलसने घेतले. बायकोला सार करून पाजलं, कातडी खुंटीला टांगली, आणि लायनेलसाहेब एकेचाळीस मतांनी निवडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कातडी घेऊन लिबरलांच्या वकिलाकडे गेला. मतदाराला मतासाठी खाऊ घातलं तर निवडणूक रद्द, असा कायदा तेव्हा नवा होता. मी सायलसला पुढे विचारलं, खाताना लाज नाही वाटली? तो म्हणाला, "पोरी, भूक टोरी असते आणि कायदा लिबरल. मी दोघांशी प्रामाणिक राहिलो."

जानेवारीत एके दुपारी मी मामाकडे पाव भाजत होते. मी तेव्हा गावच्या शाळेत नव्याने शिकवू लागले होते. दाराशी गाडी थांबली आणि लेडी अ‍ॅव्हरिल आत आल्या, मागोमाग साहेब. बाईसाहेब त्या घरात पहिल्यांदाच येत होत्या. बसल्या नाहीत.

"ससे तू तुझ्या मनाने वाटलेस, होलगेट," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

"नाही, बाईसाहेब. तुम्ही सांगितलं. साहेब खिडकीशी उभे होते."

साहेब टेबलाशी बसले, लहानपणी बसायचे त्याच बाकावर. माझ्या पावाचा कोपरा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाले, "जेब, नीट ऐक. तू माझ्या सांगण्यावरून वागलास असं ठरलं, तर माझी निवडणूक गेली. पुन्हा इथून मला उभंही राहता येणार नाही. आणि तू आपल्या डोक्याने वागलेला कोणी एक नोकर ठरलास, तर सगळं वाचलं."

"कोणी एक?"

"कोर्टापुरतं रे! नंतर महिनाभरात तुला कामावरून काढल्यासारखं करावं लागेल, नाहीतर लोक म्हणतील मिलीभगत होती. पण सहा महिने, फक्त सहा महिने. मग मी चर्चच्या दारात, सगळ्या गावासमोर तुझा हात हातात घेईन आणि सांगेन, हा माझा माणूस आहे. रान तुझं, घर तुझं, मरेपर्यंत."

मामा साहेबांच्या बुटांकडे बघत होता. मला वाटलं, आता नाही म्हणेल. तो म्हणाला, "पाव गरम आहे साहेब, पोटात दुखेल."

त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं. मी पाव झाकून ठेवला.

कोर्ट तालुक्याच्या टाउन हॉलमध्ये बसलं, लंडनहून दोन जज्ज आले. मामाने काळा कोट घातला, बायबलवर हात ठेवला आणि सांगितलं की थंडी लवकर पडली, ससे माजले होते, म्हणून मी माझ्याच अकलेने लवकर वाटले. शुभेच्छांचे शब्द? ते सवयीने तोंडातून गेले. लोक हसले. आपल्याला हसतात हे त्याला कळत होतं, त्याची मान लाल झाली होती. मग साहेबांना विचारलं, या माणसाला ओळखता का?

साहेबांनी मामाकडे पाहिलं. खरंच पाहिलं, आठवायचा प्रयत्न केल्यासारखं.

"इस्टेटीवर साठेक माणसं आहेत. चेहरा ओळखीचा वाटतो. बिचाऱ्याने अतिउत्साहापोटी केलं असावं."

मी मामाच्या मागच्याच बाकावर होते. खोटं बोलायला तो तयार होता, पण हे ऐकायला तयार नव्हता. त्याच्या हातातली टोपी खाली पडली आणि त्याने ती उचलली नाही. निवडणूक वाचली. जज्जांनी मामाला चार शब्द सुनावले आणि सात वर्षं त्याचं मत काढून घेतलं. नव्याने मिळालेलं मत त्याने एकदाच वापरलं होतं, आणि कोणाला दिलं असेल हे सांगायला नकोच.

फेब्रुवारीत रानातलं घर रिकामं करून तो माझ्याकडे, शाळेच्या दोन खोल्यांत राहायला आला. कुत्री नव्या राखणदाराला गेली. शेजारच्या इस्टेटीचा मॅनेजर स्वतः येऊन म्हणाला, होलगेट, उद्यापासून ये. मामा म्हणाला, मला सहा महिन्यांनी परत जायचंय, तुमची अडचण होईल. शिकारीच्या दिवशी ज्या माणसाच्या शब्दावर शंभर बंदुका हलायच्या, तो शेतकऱ्यांच्या कोठारांतले उंदीर पकडायला लागला.

जुलैत दुसरी निवडणूक लागली, म्हणून वचन पुढे गेलं. साहेब पुन्हा निवडून आले. मग वसाहतखात्यात लहानसे मंत्री झाले, म्हणून पुढे गेलं. दर रविवारी मामा कोट झटकून चर्चच्या दाराशी आधीच जाऊन उभा राहायचा. अ‍ॅव्हरिल मंडळींना चर्चमध्ये शिरायला त्यांचं वेगळं दार आहे, वेदीच्या बाजूने. ते तिथून यायचे आणि तिथूनच जायचे.

"मामा, तो येणार नाही," मी म्हणायचे.

"त्याची काही अडचण असेल."

"तुझी नाही का?"

"हेस्टर, तुला कळत नाही. आमच्या दोघांत एक गोष्ट आहे. बाहेरून तसं दिसत नाही."

मला संताप यायचा. भांडी आपटायचे, नको नको ते बोलायचे. त्या घराण्याला मी त्या काळात जे काही म्हटलंय ते पाद्रीसाहेबांनी ऐकलं असतं तर शाळा त्याच दिवशी गेली असती. शाळा चर्चची, पाद्री अ‍ॅव्हरिलांनी नेमलेले, आणि खोल्या कोणाच्या हे विचारायलाच नको. मामा शांतपणे म्हणायचा, हळू बोल. चौथ्या वर्षी साहेब ऊस पिकवणाऱ्या एका बेटाचे गव्हर्नर होऊन गेले, तेव्हा गावाने कमान उभारली. मामानेही खांब रोवायला मदत केली. म्हणाला, तिकडून आले की मोकळे होतील.

नवव्या वर्षी साहेब आले, पण सुट्टीवर नाही. बेटावर उसाच्या मळ्यांतले मजूर मजुरी मागत मोर्चाने गेले होते, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि अकरा माणसं मेली, त्यांत दोन बाया होत्या. लंडनमध्ये चौकशी बसली होती. मामाची नजर अधू झाल्याने रोज संध्याकाळी मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. त्या दिवशी गव्हर्नरची साक्ष छापून आली होती. गोळीबाराचा हुकूम तुम्ही दिलात का? नाही. मग सार्जंट बोव्हेलने कोणाच्या हुकमाने गोळ्या घातल्या? गव्हर्नर म्हणाले होते, "पोलिसात पुष्कळ माणसं आहेत. चेहरा ओळखीचा वाटतो. त्याने अतिउत्साहापोटी केलं असावं."

मी थांबले. मामाने हात पुढे केला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्याने सार्जंटचं पूर्ण नाव विचारलं. एझेकिएल बोव्हेल, काळा माणूस, पंधरा वर्षं नोकरी, आता पाच वर्षांची सक्तमजुरी. मामाने ते नाव दोनदा उच्चारलं. मग चहाचा कप दूर सारला.

"त्याला काय वचन दिलं असेल?" तो म्हणाला.

नऊ वर्षांत मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आता तो रडत होता, आवाज न करता, नाक पुसत. कारण मला कळलं. त्याने आपलं खोटं इतकी वर्षं एखाद्या दागिन्यासारखं जपलं होतं. ते दोघांतलं होतं, मायेचं होतं, त्याच्या एकट्याचं होतं. आणि साहेबांपाशी ते वाक्य तयारच असायचं, समोर येईल त्या माणसासाठी.

"हेस्टर, कागद काढ," तो म्हणाला. "मी खोटी शपथ घेतली होती. ते लिही. कोणी सांगितलं, कुठे बसून सांगितलं, तेही लिही. तो सार्जंट एकटा पडलाय."

"तुला तुरुंगात टाकतील."

"टाकू देत."

मी लिहिलं. माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात, एकही खाडाखोड न करता, आणि खरं सांगते, आनंदाने लिहिलं. नऊ वर्षांचा राग त्या दौतीत होता. साहेबांनी मोडलेला माझ्या पावाचा कोपराही मी त्यात घातला. मामाने खाली वाकडीतिकडी सही केली. एक प्रत चौकशीला धाडली आणि दुसरी सायलसने जिल्ह्याच्या लिबरल वर्तमानपत्राला दिली. गुरुवारी छापून आलं. शुक्रवारपासून गावात आमच्याकडे कोणी बघेना, पण मला काही वाटत नव्हतं. आता पोलीस येतील, कोर्ट बसेल आणि सगळ्यांना सगळं ऐकावं लागेल, असंच मी धरून चालले होते.

आला तो रविवार. मामा चर्चला आला, पण नेहमीसारखा दाराशी थांबला नाही, माझ्या शेजारी मागच्या बाकावर बसला. प्रार्थना संपली. आम्ही बाहेर पडतोय तो गर्दी दुभंगली आणि सर लायनेल अ‍ॅव्हरिल आमच्या दारातून, सामान्यांच्या दारातून, बाहेर आले. उन्हाने रापलेले, केस पिकलेले. सरळ मामापाशी आले आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"जेब!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मंडळी, हा माझा माणूस. मला बंदूक धरायला यानेच शिकवलं. मी इतकी वर्षं परदेशी, आणि हा म्हातारा माझी वाट बघत झुरत राहिला. एकटेपणात मन कुठल्या कुठे जातं, काहीबाही खरं वाटायला लागतं. चूक माझी आहे. आजपासून रानातलं घर याचं, मरेपर्यंत. डॉक्टर रोज जातील."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं असं मला आजही वाटतं, आणि त्याचीच मला किळस येते. बायकांनी आपापल्या रुमालांनी डोळे पुसले. कोणीतरी टाळी वाजवली. मामा हात सोडवायला बघत होता. "मी वेडा नाही," तो म्हणाला. "साहेब, मी वेडा नाही. पाव खाल्लात तुम्ही माझ्या टेबलाशी." लोक आणखीच हळहळले.

मग लेडी अ‍ॅव्हरिल माझ्याकडे वळल्या. काठी टेकत, अगदी प्रेमाने. पाद्रीसाहेब त्यांच्या बाजूला उभे होते आणि वर्तमानपत्राचा एक माणूस वही घेऊन.

"मिस क्रॉफ्ट, तुम्ही त्याच्याजवळ राहता. अलीकडे त्याच्या आठवणींचा घोळ होतो, हो ना?"

मी पाव भाजत होते. मी सगळं ऐकलं होतं. माझ्याच हाताने लिहिलेलं पत्र छापून आलं होतं. पाद्रीसाहेब माझ्याकडे बघत होते, शाळेकडे बघावं तसं. माझं वय बत्तीस, दोन खोल्या, तेहतीस मुलं, दुसरं काहीही नाही. यातलं काही मी तेव्हा मोजलं नाही. तोंड उघडलं आणि आतून आपोआप आलं.

"हो, बाईसाहेब. वय झालंय त्याचं."

वहीवाल्याने लिहून घेतलं. मामाने हात सोडवायचं थांबवलं.

चौकशीने त्या पत्राची दखल घेतली नाही. सार्जंट बोव्हेलची शिक्षा कायम राहिली. मी आजही त्याच शाळेत शिकवते.

सोमवारी सकाळी मामाने आपली पेटी भरली. त्या घरात तो जाणार नाही, निदान त्यांचं छप्पर तरी घेणार नाही, असं मला वाटलं होतं. पण तो तिथेच निघाला होता. मी दाराशी उभी राहून खूप काही बोलले. शाळा, खोल्या, पाद्री, एकटी बाई. रडले, ओरडलेसुद्धा. त्याने सगळं ऐकून घेतलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, नुसतं कुतूहल होतं.

"त्यांचं मला कळलं, हेस्टर," तो म्हणाला. "पण तुला कोणी काय वचन दिलं होतं?"

मला कोणी काहीच वचन दिलं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्याने मान हलवली, पेटी उचलली आणि रानाच्या वाटेला लागला. त्यानंतर तो चार वर्षं जगला आणि मी दर रविवारी पाव घेऊन जात राहिले. तो दार उघडायचा, टोपी काढायचा आणि मला म्हणायचा, "आभारी आहे, मिस क्रॉफ्ट."